लूप फिरवताना लिस्टमधून काढलं की काही आकडे राहूनच जातात: कारण आणि उपाय

रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात पाच-सहा पोरं लॅपटॉप घेऊन जमतात आणि मी त्यांना पायथन शिकवतो. अकरावी-बारावीची, एखाददुसरं डिप्लोमाचं. प्रत्येक नव्या तुकडीत तिसऱ्या-चौथ्या रविवारी एक तक्रार हमखास येते. मागच्या महिन्यात ती एका मुलीकडून आली, तिच्याच शब्दांत सांगतो: "दादा, एकदा रन केलं की चुकीचं उत्तर येतं. तोच सेल परत रन केला की बरोबर येतं. लॅपटॉप बिघडलाय का?"

लॅपटॉप ठणठणीत होता. (ती नोटबुकमध्ये कोड लिहिते, म्हणजे कोडचे तुकडे वेगवेगळ्या चौकटींत लिहून एकेक चालवता येतात; त्या चौकटीला म्हणतात सेल.) प्रश्न अगदी साधा होता: गुणांची लिस्ट, म्हणजे यादी, दिली आहे, ३५ पेक्षा कमी गुण असलेले काढून टाका. लिस्टमधला एकेक आकडा घेऊन तेच काम परत परत करणारा फॉर लूप तिने वापरला. तिचा कोड असा:

गुण = [७२, २८, ३१, ५५, १९, १२, ४०]
फॉर ग इन गुण:
    इफ ग < ३५:
        गुण.रिमूव्ह(ग)
प्रिंट(गुण)

(वाचायला सोपं जावं म्हणून इथे सगळा कोड देवनागरीत लिहिलाय. टाइप करताना फॉर, इफ, रिमूव्ह वगैरे शब्द आणि आकडे इंग्रजीतच टाका. व्हेरिएबलचं नाव ‘गुण’ असं मराठीत ठेवलंत तरी पायथन ३ कुरकुर करत नाही, पण कोडमध्ये थेट ३५ असा देवनागरी आकडा लिहिलात तर सिंटॅक्स एरर येईल.)

छापून आलं [७२, ३१, ५५, १२, ४०]. एकतीसवाला आणि बारावाला दोघंही पास! एरर नाही, वॉर्निंग नाही. नोटबुकमध्ये लिस्ट वरच्या सेलमध्ये होती आणि लूप खालच्या. खालचा सेल परत चालवला की [७२, ५५, ४०]. बरोबर उत्तर. मग तिने काय केलं असेल? तोच लूप खाली दुसऱ्यांदा चिकटवला आणि वहीत उत्तर उतरवलं. हा ‘उपाय’ करणारी ती पहिली नव्हे. दोनदा झाडलं की कचरा जातो, तसं काहीसं.

दोन लूप असलेल्या त्याच कोडला मी [२०, २१, २२, २३] ही लिस्ट दिली. चौघंही नापास, उत्तर रिकामं यायला हवं. आलं [२३]. तिसऱ्यांदा चालवल्यावर तो गेला. ओळीने शंभर नापास असतील तर पहिल्या फेरीनंतर ५० उरतात, मग २५, १२, ६, ३, १ आणि सातव्या फेरीला शून्य. दर वेळी निम्मे. हे निम्मेपण योगायोगाचं नाही, दुखणं नेमकं तिथेच आहे.

चिठ्ठ्या आणि नाणं

हे मी फळ्यावर समजावत नाही, टेबलावर मांडून दाखवतो. तुम्हीही एकदा करा, दोन मिनिटांचं काम आहे. सात चिठ्ठ्यांवर ७२, २८, ३१, ५५, १९, १२, ४० लिहा आणि एका ओळीत चिकटून ठेवा. टेबलावर खडूने जागांचे नंबर घाला: ०, १, २, ३, ४, ५, ६. आता एक रुपयाचं नाणं घ्या. ते म्हणजे फॉर लूप. नियम दोनच. नाणं दर फेरीला एक जागा पुढे जातं. आणि चिठ्ठी काढली की तिच्या उजवीकडच्या सगळ्या चिठ्ठ्या एक-एक घर डावीकडे सरकवायच्या, मध्ये भोक ठेवायचं नाही.

नाणं जागा ० वर: ७२. ठीक. जागा १ वर: २८. काढा. आता ३१ सरकून जागा १ वर आला, ५५ जागा २ वर, आणि असंच पुढे. पण नाणं थांबत नाही, ते जागा २ वर जातं. तिथे ५५ बसलाय. ३१ नाण्याच्या मागे राहिला, त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही. पुढे जागा ३ वर १९ आहे, तो काढला, आणि १२ गुपचूप नाण्याखाली सरकला. नाणं पुढच्या जागी गेलं, तिथे ४०. त्याच्या पुढे चिठ्ठी नाही, खेळ संपला.

पोरं इथे पहिल्यांदा "अच्छा!" म्हणतात. तोवर त्यांची समजूत अशी असते की लूप सुरू होतानाच पायथन सगळे आकडे कुठेतरी लिहून घेतो आणि मग एकेक देत जातो. तसं नाही. लिस्टवरचा फॉर लूप फक्त ‘मी कितव्या जागी आहे’ एवढं लक्षात ठेवतो आणि दर फेरीला विचारतो, ‘या जागी काही आहे का?’ आहे, तर ते देतो. नाही, तर थांबतो. खाली लिस्ट सरकली याची त्याला गंधवार्ता नसते. आणि नेहमीच्या पायथनमध्ये, म्हणजे सीपायथनमध्ये, लिस्टचे घटक मेमरीत खरोखरच चिठ्ठ्यांसारखे सलग जागांवर धरलेले असतात. मधलं काढलं की पुढचे सरकवावेच लागतात.

काढलेल्याच्या लगेच पुढचा सुटतो, एवढंच या बगचं सूत्र. म्हणून सगळे नापास असले की एकाआड एक सुटतात आणि निम्मे उरतात.

मग इतके दिवस हे लक्षात का येत नाही? कारण सरावाच्या प्रश्नांतल्या नमुना लिस्टा फार सज्जन असतात. हा घ्या: [७२, २८, ५५, १९, ४०]. वरच्याच चुकीच्या कोडला दिला तर उत्तर [७२, ५५, ४०]. तंतोतंत बरोबर! पण चिठ्ठ्या मांडून बघा, ५५ आणि ४० लूपने पाहिलेलेच नाहीत. ते न तपासता पास झाले, आणि नशिबाने खरंच पास होते. माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्यांना यादीचे प्रश्न देताना नमुना इनपुटमध्ये दोन नापास शेजारी-शेजारी नसतील, तर तो प्रश्न शिकवण्यापेक्षा फसवतो जास्त.

आधी खात्री करा की तुमचं दुखणं हेच आहे

लूपच्या आत, इफच्या आधी एक ओळ घाला: प्रिंट(ग, गुण). दर फेरीला कोणता आकडा हातात आहे आणि लिस्ट कशी दिसतेय, दोन्ही समोर येतं. डाव्या रकान्यात एखादा आकडा कधीच उमटला नाही, तर निदान झालं. पायथन ट्यूटर ही वेबसाइट हेच चित्र काढून, बाण दाखवून, एकेक पायरीने पुढे नेते. नेट नसेल तर चिठ्ठ्या आहेतच.

नोटबुक वापरत असाल तर लिस्ट बनवणारी ओळ आणि लूप एकाच सेलमध्ये आणा. वेगवेगळ्या सेलमध्ये असले की मागच्या रनमध्ये कुरतडलेली लिस्ट पुढच्या रनला मिळते आणि मग ‘कधी येतं, कधी येत नाही’ अशी भुताटकी सुरू होते. शंका आली की सगळं रीस्टार्ट करून वरून खाली पूर्ण चालवा.

काही जण दुसऱ्या वाटेने जातात. त्यांचा लूप असा असतो:

फॉर आय इन रेंज(लेन(गुण)):
    इफ गुण[आय] < ३५:
        गुण.पॉप(आय)

यात निदान आरडाओरडा तरी होतो. रेंज(लेन(गुण)) हे सुरुवातीलाच ७ धरून बसतं. मध्ये दोन काढले, लिस्ट ५ वर आली, आय जेव्हा ५ होतो तेव्हा त्या जागी काहीच नसतं: ‘इंडेक्स एरर: लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज’. पोरं म्हणतात हा कोड जास्त वाईट, एरर येते. मला उलट वाटतं. पहिल्यातही तेच दुखणं होतं, फक्त मुकं. आणि एरर घालवायला म्हणून ट्राय-एक्सेप्ट (एरर आली तरी प्रोग्रॅम न थांबवणारी रचना) गुंडाळणारे महाभागही मी पाहिलेत. तापाच्या रोग्याचा थर्मामीटर फोडल्यासारखं आहे ते.

गंमत म्हणजे डिक्शनरीवर, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या साठ्यावर, लूप फिरवताना तिच्यातली एखादी ‘की’ (जोडीतलं नाव) काढली, तर पायथन पुढच्या फेरीला रनटाइम एरर देतो, की डिक्शनरीचा आकार फिरताना बदलला. लिस्टला मात्र असा पहारेकरी नाही. जावा भाषावाले शेखी मिरवतात की आमची लिस्ट, ॲरेलिस्ट, अशा वेळी एक्सेप्शन (एरर) फेकते, पण तिथेही शेवटून दुसरा घटक काढला तर लूप चुपचाप संपतो आणि शेवटचा बघायचा राहतो. तेव्हा फार हसू नका.

उपाय: काढू नका, ठेवा

प्रश्न उलटा वाचा. ‘नापास काढा’ म्हणजेच ‘पास ठेवा’. जुन्या लिस्टला हात न लावता नवी बनवा:

पास = []
फॉर ग इन गुण:
    इफ ग >= ३५:
        पास.अपेंड(ग)

सरावलात की हेच एका ओळीत, पास = [ग फॉर ग इन गुण इफ ग >= ३५]. नाणं जुन्या चिठ्ठ्यांवर फिरतं, त्या जागच्या हलत नाहीत, नव्या ओळीत फक्त भर पडते. दहातल्या नऊ वेळा मी हेच करायला सांगतो. अट उलटी करताना ‘<’ चं ‘>’ करून ३५ वाल्याला घरी पाठवू नका, काठावर पास हाही पासच असतो.

लिस्ट तीच ठेवून आतून काढायचंच असेल, परीक्षेत तसं बजावलेलं असेल, तर मागून या. नाणं शेवटच्या जागेवरून सुरू करून डावीकडे न्या:

फॉर आय इन रेंज(लेन(गुण) - १, -१, -१):
    इफ गुण[आय] < ३५:
        डेल गुण[आय]

काढल्यावर सरकतात ते उजवीकडचे, आणि उजवीकडचे सगळे आधीच तपासून झालेले असतात. रेंजमधले ते शेवटचे दोन -१ बघून पोरं बिचकतात. त्यातला पहिला -१ म्हणजे ‘इथे पोचायच्या आधी थांब’, म्हणजे शेवटची भेट जागा ० ला. दुसरा म्हणजे ‘एक-एक मागे ये’. पहिल्याच्या जागी ० लिहिलात तर पहिला विद्यार्थी कधीच तपासला जात नाही. हे जवळजवळ प्रत्येकाकडून एकदा होतं.

तिसरा रस्ता: फिरायचं कॉपीवर, काढायचं मूळ लिस्टमधून. फॉर ग इन गुण[:]: असं लिहिलं की तो चौकोनी कंस आणि मधला कोलन (:) मिळून लिस्टची कॉपी करतात. गुण.कॉपी() लिहिलं तरी चालतं. छोट्या लिस्टला ठीक आहे. पण रिमूव्ह दर वेळी लिस्ट पहिल्यापासून शोधत येतो, आणि काढतो तो त्या किमतीचा पहिला आकडा, तुमच्या बोटाखालचाच असं नाही. सगळे नापास जाणार असतील तर फरक पडत नाही. पण ‘फक्त शेवटचा ४० काढा’ असा प्रश्न आला की रिमूव्ह(४०) पहिला ४० उडवतो आणि तुम्ही बुचकळ्यात.

‘कॉपीवर फिरवलं तरी तेच होतंय’

हा पुढच्या रविवारचा प्रश्न. कोड बघितला की ही ओळ सापडते:

प्रत = गुण
फॉर ग इन प्रत:

ही प्रत नव्हेच. बाळकृष्णाला घरी बाळ्या म्हणतात. बाळ्याचे केस कापले आणि बाळकृष्णाचे लांबच राहिले, असं होईल का? ‘=’ लिस्टची नक्कल करत नाही, त्याच लिस्टला दुसरं नाव चिकटवतो. प्रत इज गुण हे छापून बघा, ट्रू येईल. गुण[:] इज गुण छापा, फॉल्स येईल. या एका ‘इज’ने माझे रविवारचे बरेच वाद मिटलेत.

यातूनच ती ‘आधी आणि नंतर’वाली तक्रार येते: जुने = गुण असं ठेवून गुण.सॉर्ट() केलं, मग दोन्ही छापले, तर दोन्ही सॉर्ट झालेले. अर्थातच, लिस्ट एकच होती.

याच रोगाचं सगळ्यात देखणं रूप फुल्ली-गोळ्याच्या खेळात दिसतं. तीन बाय तीनचा पट बनवायला पोरं लिहितात:

पट = [['.'] * ३] * ३
पट[०][०] = 'फु'

छापलं की पहिल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत तीन फुल्ल्या. एका चालीत डाव जिंकला! बाहेरच्या ‘* ३’ ने तीन ओळी बनवल्याच नाहीत, एकच ओळ तीनदा टांगली. आतल्या ‘* ३’ चं काही बिघडत नाही, कारण टिंब हे स्ट्रिंग (अक्षरांचा मजकूर) आहे आणि स्ट्रिंग आतून बदलत नाही, फक्त तिच्या जागी दुसरी येते. बरोबर असं: पट = [['.'] * ३ फॉर आय इन रेंज(३)]. दर फेरीला नवी कोरी ओळ.

आणि पटाची कॉपी हवी असेल तर पट[:] पुरत नाही. बाहेरची चौकट नवी होते, आतल्या ओळी जुन्याच. त्यासाठी कॉपी मॉड्यूलमधलं डीपकॉपी वापरा, किंवा [ओळ[:] फॉर ओळ इन पट] असं हाताने करा. शिकताना हाताने केलेलं बरं, काय होतंय ते दिसतं.

फंक्शनमध्येही हीच गोची होते, पण उलट्या बाजूने. फंक्शनला गुण दिले, आत गुण = [ग फॉर ग इन गुण इफ ग >= ३५] लिहिलं, बाहेर येऊन छापलं तर काहीच बदललेलं नाही. आतलं ‘गुण’ हे नाव नव्या लिस्टला चिकटलं, बाहेरचं जुन्यालाच चिकटून राहिलं. एक तर नवी लिस्ट रिटर्न करा आणि बाहेर झेला, नाही तर आत गुण[:] = असं लिहा, म्हणजे तीच लिस्ट रिकामी करून नव्या आकड्यांनी भरली जाते. मी रिटर्नच्या बाजूचा आहे. दुसऱ्या पद्धतीत बाहेरच्याला न सांगता त्याचं सामान हलवल्यासारखं होतं.

लिस्टच गायब: ‘नन’ आलं

गुण = गुण.सॉर्ट() लिहिलं आणि पुढच्या ओळीत गुण.अपेंड(६०) केलं, की एरर येते: ‘नन टाइप’ ऑब्जेक्टला अपेंड नाही. घाबरू नका, डेटा तुम्हीच फेकलात. सॉर्ट, रिव्हर्स, अपेंड, इन्सर्ट, रिमूव्ह हे सगळे लिस्ट जागच्या जागी बदलतात आणि हातावर ठेवतात नन, म्हणजे ‘काहीच नाही’. त्या ननला तुम्ही ‘गुण’ हे नाव दिलंत. एक तर नुसतं गुण.सॉर्ट() लिहा, नाही तर नवी हवी असेल तर नवे = सॉर्टेड(गुण). या टोळीत पॉप तेवढा वेगळा: तो काढतोही आणि काढलेला आकडा परतही देतो.

सॉर्ट होऊनही क्रम विचित्र दिसत असेल, १०० आधी, मग ३५, मग ९, तर लिस्टमध्ये आकडे नाहीत, स्ट्रिंगा आहेत. इनपुट().स्प्लिट() ने आणलेलं सगळं स्ट्रिंगच असतं आणि स्ट्रिंगा शब्दकोशातल्या शब्दांसारख्या पहिल्या अक्षरावरून लागतात. प्रत्येकावर इंट (स्ट्रिंगचा आकडा करणारं फंक्शन) लावा. इथे एक मजा सांगतो: कोडमध्ये देवनागरी ३५ चालत नाही, पण कीबोर्डवरून कुणी ‘३५’ टाइप केलं आणि तुम्ही त्यावर इंट लावलं, तर पायथन मुकाट ३५ हा आकडा बनवून देतो. मराठी कीबोर्ड चालू राहिलेल्या एका पोराचा प्रोग्रॅम त्यामुळे वाचला होता.

लूप संपतच नाही

काढण्याऐवजी भर घातली की हे होतं. फॉर ग इन गुण: गुण.अपेंड(ग * २). नाणं एक घर पुढे जातं, तेवढ्यात शेवटी एक चिठ्ठी वाढते. शेवट कधी येणारच नाही. पंखा घोंघावायला लागला की कंट्रोल आणि सी दाबा, आणि नव्या लिस्टमध्ये अपेंड करा. इन्सर्ट(०, ...) करून सुरुवातीला भर घातलीत तरी तेच, फक्त तिथे नाण्याखाली पुन्हा पुन्हा तोच आकडा सरकत येतो.

मागच्या शेजाऱ्याशी तुलना

‘लागोपाठ आलेले सारखे आकडे एकदाच ठेवा’ हा सरावाचा आवडता प्रश्न. उत्तरात पोरं लिहितात, इफ गुण[आय] != गुण[आय - १]: तर ठेव. [५, ५, ३, ३, ८] ला बरोबर चालतं. [५, ३, ५] ला [३, ५] येतं, पहिला ५ गडप. का? आय शून्य असताना आय - १ म्हणजे -१, आणि पायथनमध्ये -१ म्हणजे शेवटचा. पहिल्याची तुलना शेवटच्याशी झाली, दोघं सारखे निघाले, पहिला गेला. इथेही एरर नाही. अट अशी हवी: आय शून्य असेल किंवा मागच्याहून वेगळा असेल तर ठेव. किंवा नव्या लिस्टच्या शेवटच्याशी तुलना करा, ती रिकामी असेल तर न विचारता ठेवा.

म्हणून आता कुठलाही यादीचा प्रश्न सोडवला की मी पोरांना पुस्तकातल्या लिस्टवर थांबू देत नाही. रिकामी लिस्ट द्यायची. एकच घटक असलेली द्यायची, तो जाणारा आणि तो राहणारा, दोन्ही. सगळे जाणारे. शेवटचे दोन जाणारे. पहिला आणि शेवटचा सारखे. या पाच-सहा लिस्टा वहीच्या मागच्या पानावर लिहूनच ठेवायच्या.

त्या मुलीने पुढच्या रविवारी माझीच फिरकी घेतली. प्रश्न होता ‘सगळी शून्यं शेवटी ढकला, बाकीच्यांचा क्रम तोच ठेवा’. तिने लिहिलं:

फॉर अ इन लिस्ट_एक:
    इफ अ == ०:
        लिस्ट_एक.रिमूव्ह(०)
        लिस्ट_एक.अपेंड(०)

मी बघताक्षणी म्हटलं, चूक. फिरताना काढतेयस, वर भरही घालतेयस, इतके दिवस काय शिकवलं? "चालवून बघा," ती म्हणाली. मागच्या पानावरच्या सगळ्या लिस्टा देऊन पाहिल्या. [०, ०, ३, ०, ५] दिली. सगळीकडे बरोबर. चहा येईपर्यंत मी तो कोड फोडायला बघत होतो, फुटला नाही.

मग चिठ्ठ्या काढल्या. समजा लांबी ८ आहे, त्यात ३ शून्यं आणि ५ बाकीचे. एक काढला की एक घातला, लांबी ८ च राहते, म्हणून नाणं बरोबर ८ जागा बघतं आणि थांबतं. बिनशून्याचा आकडा सरकला तर फक्त डावीकडे सरकतो, नाणं उजवीकडे जातं. म्हणजे तोच आकडा नाण्याखाली दोनदा येऊ शकत नाही. ८ भेटींपैकी जास्तीत जास्त ५ बिनशून्यांच्या, तेव्हा निदान ३ शून्यांच्या. आणि दर वेळी शून्य भेटलं की सगळ्यात पहिलं शून्य उचलून शेवटी जातं. तीनही गेलीच. चौथ्या-पाचव्यांदा शून्य भेटलं तरी शेवटच्या शून्यांतलंच एक उचलून परत शेवटी, काही बिघडत नाही.

कोड बरोबर होता, कायम बरोबर. मी तरीही तिला तो नव्या लिस्टने परत लिहायला लावला, आणि ती म्हणाली, "बरोबर आहे तर का बदलू?" त्यावर त्या दिवशी माझ्याकडे चहा पिण्यापलीकडे उत्तर नव्हतं.